कंपनीचा स्टिरिओ बदलताना

गाडीतला कंपनी फिटेड स्टिरिओ काढून त्याच्या जागी मोठ्या पडद्याचा नवा बसवला, की काही गोष्टी गुपचूप बंद पडतात. स्टेअरिंगवरचे आवाज वाढवण्याचे बटण दाबले तरी काही होत नाही. रिव्हर्स टाकला तर पडद्यावर मागचे चित्र येत नाही. आकाशवाणीचे केंद्र गावातच असूनही एफएमवर खरखर येते. कधी पार्किंग सेन्सरचा आवाज गायब होतो, कधी दार उघडे असल्याची सूचना. बटणे, कॅमेरा, अँटेना, सेन्सर यांपैकी एकही वस्तू कोणी काढलेली नसते. बदललेला असतो तो फक्त गाणी वाजवणारा डबा. मग बाकीच्यांनी संप का पुकारावा?

कारण तो डबा आता निव्वळ गाणी वाजवत नाही. गाडीतल्या इतर यंत्रणांशी त्याचे बोलणे चालू असते, आणि नव्या डब्याला ती बोली येत नाही. ती बोली त्याला शिकवता येते. काही वेळा मात्र जुना डबा जागेवर ठेवून फक्त आवाज सुधारणे जास्त शहाणपणाचे ठरते.

सुट्या टेपपासून गाडीच्या अवयवापर्यंत

मारुती ८००च्या काळात टेप ही बाजारातून आणून बसवायची वस्तू होती. डॅशबोर्डमध्ये १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशी चौकोनी जागा असे. हे माप जर्मन मानकावरून आले आणि पुढे आयएसओ ७७३६ या क्रमांकाने जगभर चालले. दुकानदार त्याला ‘सिंगल डिन’ म्हणतात; उंची दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर, असली की ‘डबल डिन’. मागे जाणाऱ्या तारा मोजक्या होत्या: बॅटरीचा कायमचा करंट, चावी फिरवल्यावर येणारा करंट, अर्थ, चार स्पीकरांच्या आठ तारा आणि अँटेना. कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही गाडीत बसे आणि चाले.

पुढे स्टिरिओला पडदा आला, आणि गाडी बनवणाऱ्यांच्या लक्षात आले की हा पडदा इतर कामांनाही वापरता येईल. मागचा कॅमेरा त्यावर आला, एसीचे तापमान त्यावर दिसू लागले, दारे आपोआप लॉक व्हावीत की नाही हेही त्यावरूनच ठरू लागले. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत तर चावी आत राहिल्याची टिंगटिंगसुद्धा रेडिओच वाजवत असे. रेडिओ काढला की इशाऱ्याचा आवाजही गेला.

बदलाचा विचार करताना पहिला प्रश्न ‘कोणता स्टिरिओ घ्यावा’ हा नसतो. कोणती सोय स्टिरिओच्या पोटात राहते आणि कोणती फक्त त्याच्यातून दिसते किंवा ऐकू येते, हे आधी पाहावे लागते. ब्लूटूथ, रेडिओ, नकाशे पोटात राहतात. ते जुन्या डब्याबरोबर जातात आणि नव्यात नव्याने येतात. कॅमेरा आणि सेन्सर बाहेर असतात, पण त्यांना पडदा किंवा भोंगा उसना लागतो. दारांच्या लॉकसारख्या सोयी पूर्णपणे दुसऱ्याच नियंत्रकात असतात आणि पडदा हा त्यांचा केवळ स्विच असतो. पडदा गेला तरी लॉक चालतच राहते, शेवटी जशी सेटिंग ठेवली होती तशी. ती बदलायची सोय तेवढी जाते. म्हणून जुना स्टिरिओ काढण्यापूर्वी गाडीच्या सेटिंग हव्या तशा लावून घेणे हे फुकटचे आणि नेमके विसरले जाणारे काम आहे.

दोन तारांवर सहा बटणे

स्टेअरिंग दोन्हीकडे अनेक फेरे फिरते. त्यावरच्या बटणांच्या तारा सरळ नेल्या तर पिळून तुटतील. म्हणून स्टेअरिंगच्या मागे एका गोल डबीत चपटी केबल सैल गुंडाळलेली असते. स्टेअरिंगबरोबर ती उलगडते आणि पुन्हा गुंडाळली जाते. याच केबलमधून हॉर्न आणि एअरबॅगचे सर्किट जाते. तिथे जागा कमी, त्यामुळे प्रत्येक बटणाला वेगळी तार देणे परवडत नाही.

बऱ्याच गाड्यांत यावर एक साधी युक्ती असते. सगळी बटणे एकाच तारजोडीवर बसवतात, पण प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रोध, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारा छोटा भाग, ठेवतात. समजा, स्टिरिओच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा १,००० ओहमच्या रोधातून या तारेवर सोडला आहे. बटण दाबलेले नसताना तारेवर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. आवाज वाढवण्याच्या बटणामागे ३३० ओहमचा रोध असेल, तर ते दाबताच व्होल्टेज सुमारे १.२ पर्यंत उतरते. आवाज कमी करण्याच्या बटणामागे १,००० ओहम असतील तर २.५ व्होल्ट, म्यूटमागे ३,३०० ओहम असतील तर ३.८ व्होल्ट. स्टिरिओ फक्त व्होल्टेज मोजत बसतो आणि आकड्यावरून बटण ओळखतो.

आता नव्या स्टिरिओला नेमके काय शिकवायचे ते कळते. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना ‘की १’ आणि ‘की २’ नावाच्या दोन तारा असतात. त्या गाडीच्या या तारांना जोडायच्या, सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण काही क्षण दाबून धरायचे आणि ते कशासाठी आहे ते पडद्यावर सांगायचे. स्टिरिओ प्रत्येक बटणाचे व्होल्टेज लक्षात ठेवतो. वीस मिनिटांत होणारे हे काम अनेक ठिकाणी ‘या गाडीत स्टेअरिंग कंट्रोल चालत नाही’ असे सांगून टाळले जाते.

याच रचनेमुळे जुन्या गाड्यांत एक गंमत घडते. बटणाखालच्या संपर्कावर मळ बसला की रोध वाढतो, व्होल्टेज सरकते, आणि आवाज वाढवायला जावे तर पुढचे गाणे लागते. दोष नव्या स्टिरिओचा नसतो. तो दूर करायला स्टेअरिंगचा मधला भाग उघडावा लागला, तर ते काम मात्र बॅटरीची तार काढून, एअरबॅगची माहिती असलेल्या माणसानेच करायचे असते.

कॅन: सर्वांना ऐकू जाणारी घोषणा

दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत बटणांच्या तारा स्टिरिओपर्यंत येतच नाहीत. तिथे ‘कॅन’ नावाची व्यवस्था असते. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८३ पासून विकसित केली, १९८६ मध्ये डेट्रॉइटला मांडली, आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमधून ती रस्त्यावर आली. तोवर गाडीतल्या प्रत्येक दोन यंत्रणांमध्ये वेगळी तार ओढावी लागे, आणि तारांचा भारा वाढतच चालला होता. कॅनमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारा गाडीभर फिरतात आणि सगळे नियंत्रक त्यांनाच जोडलेले असतात.

एसटी स्टँडवरची घोषणा जशी सगळ्यांना ऐकू जाते, पण सांगलीच्या गाडीचे नाव ऐकून उठतो तो सांगलीचा प्रवासीच, तसे या तारांवर चालते. ‘आवाज वाढव’ असा संदेश स्टेअरिंगजवळचा नियंत्रक तारेवर टाकतो. इंजिन, ब्रेक, एसी सगळ्यांना तो मिळतो. पण संदेशावरचा क्रमांक ओळखून हालचाल करतो एकटा स्टिरिओ. दोन संदेश एकाच वेळी निघाले तर लहान क्रमांकाचा आधी जातो. महत्त्वाच्या संदेशांना म्हणूनच लहान क्रमांक देतात.

तारांवर दिसणारी वीजही साधी आहे. कोणी बोलत नसताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एक ३.५ पर्यंत चढते आणि दुसरी १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा फक्त दोन्हींतला फरक पाहतो. इंजिनाच्या ठिणग्यांमुळे गोंगाट शिरला तरी पीळ दिलेल्या दोन्ही तारांत तो सारखाच शिरतो आणि फरक तोच राहतो.

अडचण पुढे आहे. तारा आणि व्होल्टेज जगभर सारखे असले, तरी कोणत्या क्रमांकाचा काय अर्थ ते प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते. एका गाडीत ज्या क्रमांकावर रिव्हर्स गिअरची खबर येते, त्याच क्रमांकावर दुसरीत काहीतरी भलतेच येते. बाजारातल्या स्टिरिओला हे कळायला दुभाष्या लागतो. दुकानात त्याला ‘कॅनबस बॉक्स’ किंवा ‘डिकोडर’ म्हणतात. काडेपेटीहून थोडी मोठी ही डबी गाडीचे संदेश ऐकते आणि नव्या स्टिरिओला समजतील असे इशारे देते: चावी फिरली, रिव्हर्स पडला, दिवे लागले, अमुक बटण दाबले. ती गाडीच्या नेमक्या मॉडेलची आणि वर्षाचीच हवी. नावाने तीच असलेली गाडी मधल्या बदलात नवी वायरिंग घेऊन येते, आणि आदल्या वर्षाची डबी तिथे मुकी ठरते.

डबीशिवाय काम भागवण्याचा एक प्रकार सर्रास चालतो आणि तो टाळलेला बरा. चावीचा करंट वेगळ्या तारेने येत नाही असे दिसले, की फिटर तो फ्यूज बॉक्समधल्या हाताला लागेल त्या जागेवरून घेतात. ती जागा कायम चालू असणारी निघाली, तर गाडी बंद असतानाही स्टिरिओ जागा राहतो आणि काही दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते. कॅनच्या तारा कापून त्यांना भलतेच काही जोडणे तर आणखी वाईट, कारण त्याच तारांवर इतर नियंत्रकही बोलत असतात आणि मीटरमध्ये कुठलाही दिवा लागू शकतो.

कॅमेरा, सेन्सर आणि अँटेना

मागच्या कॅमेऱ्याला तीन गोष्टी लागतात: वीज, चित्राची तार आणि ‘आता दाखव’ असा इशारा. इशारा रिव्हर्सच्या दिव्याच्या १२ व्होल्टवरून किंवा कॅनवरून मिळतो. गडबड बहुधा उरलेल्या दोन गोष्टींत असते. काही कंपन्यांचे कॅमेरे १२ नव्हे तर ६ व्होल्टवर चालतात. त्यांना थेट १२ दिले तर जळतात. चित्राचेही प्रकार आहेत. साधे ॲनालॉग चित्र जवळजवळ प्रत्येक स्टिरिओ दाखवतो, एएचडी नावाचे जास्त स्पष्ट चित्र त्याची सोय असलेलाच दाखवतो, आणि महागड्या गाड्यांतला डिजिटल चित्रप्रवाह बाजारातला स्टिरिओ सहसा वाचूच शकत नाही. अशा वेळी जुन्या कॅमेऱ्याशेजारी नवा लावणे हाच उपाय उरतो. चार कॅमेऱ्यांतून गाडीचे वरून दिसणारे चित्र जुळवणारी यंत्रणा असेल, तर पडद्याला हात न लावणे उत्तम.

पार्किंग सेन्सर भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झाले. ज्या मानकाने ही सक्ती आली ते एआयएस-१४५ पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केले; चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेगमर्यादेचा इशाराही त्याच यादीत आहेत. सेन्सरचा आवाज काही गाड्यांत वेगळ्या भोंग्यातून येतो, काहींत स्टिरिओच्या स्पीकरमधून. ओळखायची रीत सोपी आहे. स्टिरिओ बंद करून रिव्हर्स टाकावा आणि भिंतीजवळ जावे. आवाज दारातल्या स्पीकरमधून येतो की मीटरजवळून, हे कान लावले की कळते. दारातून येत असेल तर ती सोय टिकवणारी जोडणी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारायचे.

एफएमची खरखर मात्र जवळपास नेहमी एकाच कारणाची असते. छपरावरच्या आखूड अँटेनाला स्वतः फारसे पकडता येत नाही, म्हणून तिच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला स्टिरिओकडून वीज मिळते. काही गाड्यांत ती वेगळ्या तारेने जाते, काहींत अँटेनाच्याच केबलमधून. नव्या स्टिरिओची निळी तार जोडायची राहिली, किंवा केबलमधून वीज सोडणारा जोड लावला नाही, की केंद्र गावात असूनही खरखर येते.

मोबाइल ॲपवरून गाडी चालू करणे, ती कुठे आहे ते पाहणे, अपघातात मदत मागण्याचे बटण, या सोयी सिमकार्ड असलेल्या वेगळ्या पेटीतून चालतात. पण अनेक गाड्यांत या पेटीचा माइक, स्पीकर किंवा पडदा स्टिरिओच्याच आधारे असतो. मदतीचे बटण असलेल्या गाडीत स्टिरिओ उपटणे हा चुकीचा सौदा आहे, मग पडदा कितीही मोठा मिळो.

स्टिरिओ बदलायचाच असेल तर

चांगल्या कामाची खूण म्हणजे एकही तार कापलेली नसणे. गाडीच्या मूळ वायरिंगच्या टोकाला प्लॅस्टिकचे कपलर असतात. त्यांत बसणारे जोडकपलर बाजारात मिळतात. एक टोक गाडीला, दुसरे नव्या स्टिरिओला. दुकानाची भाषा ‘कपलर टू कपलर’. उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला तर पाच मिनिटांत बसतो, आणि वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वादाला जागा उरत नाही. कापलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या तारा उन्हाळ्यात डिंक वितळून उघड्या पडतात. वायरिंगमधल्या बिघाडावर कंपनी वॉरंटी नाकारते ती बहुधा अशाच जोडांवर बोट ठेवून.

[चौकट: नव्या स्टिरिओच्या तारांचे रंग
पिवळी: बॅटरीचा कायमचा करंट. लाल: चावीचा करंट. काळी: अर्थ. निळी: अँटेनाची वीज. निळी-पांढरी: ॲम्प्लिफायर चालू करण्याचा इशारा. नारिंगी: दिवे लागल्याची खबर, म्हणजे पडदा मंद करण्यासाठी.
स्पीकर: पुढचा डावा पांढरी, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवी, मागचा उजवा जांभळी. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती ऋण बाजू.
हे रंग बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंचे आहेत. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. तिथे मल्टिमीटरवरच विश्वास ठेवावा.]

बाजारात ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ यांची सरमिसळ होते. पहिला म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅबलेट. त्याची ताकद त्याच्या आतल्या चिपवर आणि मेमरीवर ठरते, आणि स्वस्तातला असेल तर तो थोड्याच वर्षांत रखडायला लागतो. अँड्रॉइड ऑटो आणि ॲपलचे कारप्ले, दोन्ही २०१४ मध्ये जाहीर झालेली, वेगळ्या रीतीने चालतात: सगळे काम फोन करतो, गाडी फक्त पडदा, स्पीकर आणि स्पर्श पुरवते. फोन नवा घेतला की ही सोयही नवी होते. म्हणून टिकाऊपणाच्या दृष्टीने दुसरी पद्धत उजवी.

आणि गाडीत तारेने चालणारे कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीच असेल, फक्त ते बिनतारी हवे असेल, तर स्टिरिओ बदलण्याचे कारणच नाही. यूएसबीला लावायचे छोटे डोंगल मिळते. गाडीला वाटते तारेने फोन जोडला आहे. डोंगल पुढे फोनशी वायफायवर बोलते. एकही स्क्रू न उघडता काम होते.

आवाज चांगला का येत नाही?

बहुतेकांची मूळ तक्रार आवाजाची असते आणि उपाय म्हणून पडदा बदलला जातो. इथे थोडे गणित करण्यासारखे आहे.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे लिहिलेले असते. इंजिन चालू असताना गाडीची वीज सुमारे १४.४ व्होल्ट असते, आणि स्टिरिओच्या आतला ॲम्प्लिफायर बहुधा तेवढ्यावरच चालतो. ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, गोलाईदार लहर द्यायची तर १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे जास्तीत जास्त २६ वॅट निघतात. चिपमधली घट धरता २० च्या आसपास. मग ५० कुठून येतात? लहरीचे माथे पूर्ण कापून तिची चौकोनी भिंत केली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२ वॅट होतात. खोक्यावरचा आकडा फाटलेल्या आवाजाचा आहे. कंपनीच्या साध्या स्टिरिओतही याच जातीची चिप असते. म्हणजे स्टिरिओ बदलून स्पीकरला मिळणारी ताकद फारशी वाढत नाही.

खरा फरक दारात पडतो. कंपनीचे स्पीकर बऱ्याचदा कागदी पडद्याचे आणि छोट्या चुंबकाचे असतात. त्यांच्या जागी चांगले स्पीकर घेताना वॅटचा आकडा न पाहता संवेदनशीलता पाहावी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ६३ वॅट लागतात. बाहेरचा ॲम्प्लिफायर लावायचा नसेल तर पहिलाच घ्यावा. मूळ स्पीकर किती ओहमचा होता हेही बघावे. ४ च्या जागी २ ओहमचा लावला तर स्टिरिओची चिप तापते. २ च्या जागी ४ चा लावला तर ताकद निम्मी होते.

स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटली की खर्जाचा आवाज मारला जातो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात, तिथून नेमके हेच होते. ती भोके झाकून पत्र्यावर ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट लावली, तर तोच स्पीकर भरदार वाजतो आणि दार बंद करतानाचा पत्र्याचा आवाजही सुधारतो. डांबरी शीट स्वस्त असते. उन्हात उभ्या गाडीत ती वास सोडते आणि घसरते. डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा काढला असेल तर तो पुन्हा नीट चिकटवावा. काचेवरून दारात उतरणारे पाणी तोच अडवतो. तो फाटका राहिला तर कोकणातल्या पहिल्याच पावसात मॅट भिजते. दाराच्या तळाची पाणी निघायची भोके कधीही बुजवू नयेत. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा दारात नवी भोके पाडणे धोक्याचे.

जुना स्टिरिओ, नवा ॲम्प्लिफायर

एवढ्याने भागत नसेल तर मूळ स्टिरिओ ठेवून त्याच्या पुढे ॲम्प्लिफायर जोडता येतो. बटणे, कॅमेरा, सेन्सर सगळे जिथल्या तिथे राहते. अडचण इतकीच की मूळ स्टिरिओला ॲम्प्लिफायरसाठी वेगळी जोडणी नसते. मिळते ती स्पीकरची तार, आणि तिच्यावरचे व्होल्टेज जास्त असते. ते उतरवून देणारी लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची डबी मिळते. अनेक ॲम्प्लिफायरांत स्पीकरची तार थेट घेण्याची सोयही असते. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा चालत्या असतात. ऋण तार गाडीच्या पत्र्याला टेकवण्याची जुन्या काळची सवय इथे चिप जाळते. स्पीकर सापडला नाही असे वाटून आवाजच बंद करणारे स्टिरिओही असतात. त्यांच्यासाठी तारेवर खोटा भार म्हणून रोध लावतात.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. साधे स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनी आवाज वाढवताना खर्ज आपोआप कमी करत नेते. नवा वूफर लावल्यावर कळते की कमी आवाजात तो घुमतो आणि आवाज वाढवला की गप्प होतो. यावर डीएसपी नावाचा आवाज-संस्कारक वापरतात. तो येणारा आवाज मोजतो, कंपनीने केलेले चढउतार उलटे फिरवून सपाट करतो आणि मग प्रत्येक स्पीकरला हवा तसा देतो. कंपनीने पूर्ण कापून टाकलेला भाग मात्र त्यालाही परत आणता येत नाही. डीएसपी वेळही जुळवतो. भारतात चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्यापासून ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर असेल, तर डाव्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गाणे उजवीकडे ओढले जाते. उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावले की गायक डॅशबोर्डाच्या मध्यभागी येऊन उभा राहतो. वूफरपेक्षाही हा बदल कानाला आधी जाणवतो. उंची गाड्यांत आवाज तारेऐवजी प्रकाशतंतूतून किंवा डिजिटल जोडणीतून जातो. तिथे त्या गाडीसाठीच बनवलेले जोड लागतात आणि खर्च चढतो.

ॲम्प्लिफायरची वीज स्टिरिओच्या तारेतून घेऊ नये. ७५ वॅटचे चार चॅनेल म्हणजे ३०० वॅट. शंभरातले वीस वाया जातात असे धरले तरी १४ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर लागतात, आणि स्टिरिओचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड तांब्याची तार आणायची आणि बॅटरीपासून हातभराच्या आतच फ्यूज बसवायचा. हा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवत नाही, तो तार वाचवतो: कुठे तार घासून पत्र्याला टेकली तर ती पेटण्याआधी फ्यूज उडतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच जाडीत कमी वीज नेते. अर्थ घेताना पत्र्यावरचा रंग खरवडलेला हवा. इंजिनाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर पहिला संशय अर्थवरच घ्यावा. इलेक्ट्रिक गाडीतही स्टिरिओ १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो. नारिंगी आवरणाच्या जाड केबल मोठ्या व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपास भोक पाडायचे नाही.

फ्रेम दाबण्यापूर्वी

काम संपल्यावर फ्रेम दाबून बसवण्याआधी, डॅशबोर्ड उघडा असतानाच, सगळे तपासून घ्यावे: स्टेअरिंगचे प्रत्येक बटण, रिव्हर्सचे चित्र, सेन्सरचा आवाज, एफएम, माइकवरून एक फोन, दिवे लावल्यावर पडदा मंद होणे, चावी काढल्यावर स्टिरिओ बंद होणे. विमा कंपनीला नव्या सिस्टिमची किंमत कळवून ती पॉलिसीत चढवावी. न नोंदवलेल्या वस्तूची भरपाई चोरी किंवा अपघातात मिळत नाही. आणि काढलेला मूळ स्टिरिओ, त्याची फ्रेम, स्क्रू आणि कोड असल्यास त्याचे कार्ड दुकानात सोडून येऊ नये. गाडी विकताना घेणारा बहुतेक वेळा तोच मागतो, आणि काही गाड्यांचे स्टिरिओ त्याच गाडीशी जोडलेले असल्यामुळे दुसरीकडून आणलेला चालत नाही.